हादऱ्यांची वही : खडकवासल्याचे संशोधन केंद्र आणि जमिनीखालची बांधकामे

कोल्हापुरातून निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर नकाशात आहे. कोयनेचे धरण कोल्हापूर शहरापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर आहे. वारणेचे त्याहून जवळ, आणि वारणा नदी तर शाहूवाडी-पन्हाळ्याची शीवच. या दोन जलाशयांच्या पट्ट्यात १९६२ पासून जमीन हलते आहे आणि तिचे धक्के या जिल्ह्याने वेळोवेळी सोसले आहेत. दुसरीकडे, इथे विहीर खणायची तर काळ्या कातळाला सुरुंग लावावा लागतो, खडी हवी तर खाणीत दारू ठासावी लागते, धरणाचा पाया आणि डोंगरातला बोगदा तर सुरुंगाशिवाय होतच नाही. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती आणि भूकंपाने तिथे पाणी आले, अशी कथा सांगतात. ती कितपत खरी हे बाजूला ठेवले, तरी हे शहर आपल्या लाडक्या तळ्याचा जन्मसुद्धा खाण आणि भूकंप या दोन शब्दांत सांगते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निसर्गाचा धक्का आणि माणसाने दिलेला धक्का वेगळा कसा ओळखायचा, कोणत्या बांधकामाला किती हादरा सोसेल, जमिनीच्या पोटात काही बांधायचे तर कशाच्या आधारावर, हे प्रश्न म्हणून आपल्या घरचे आहेत. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ही संस्था पाण्यासाठी ओळखली जाते. पण तिच्या इतिहासातले हादऱ्यांचे प्रकरण मला तितकेच मोलाचे वाटते. हादऱ्याबद्दल मत देण्याआधी तो त्या जागेवर मोजला पाहिजे, ही शिस्त तिने आपल्या भागात रुजवली. तिचे सर्वांत मोठे देणे मी तेच मानतो, आणि ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

संस्थेचा आरंभ १९१६ चा. मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या कामात सुधारणा करण्यासाठी पुण्यात एक खास विभाग काढला. तो पुढे हडपसरला आणि १९२५ च्या सुमारास खडकवासल्याच्या धरणाखाली गेला. धरणातून हवे तेव्हा, हवे तितके पाणी सोडून नदीची छोटी प्रतिकृती वाहती ठेवता येते, म्हणून ही जागा. क्लॉड इंग्लिस यांनी तिथे कालव्यांच्या आणि नद्यांच्या वागणुकीवर जे काम केले, त्याने संस्थेचे नाव देशाबाहेर गेले. १९३६ मध्ये ती भारत सरकारकडे आली आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आयोगाने तिला प्रादेशिक प्रयोगशाळा म्हणून मान्यता दिली. या सगळ्या प्रवासाचा तपशील इतरत्र पुष्कळ छापून आला आहे, त्यावर इथे जागा खर्च करत नाही. एवढेच लक्षात ठेवायचे की पाण्याच्या कामात या संस्थेला पहिल्यापासून एक सवय लागली होती. पुस्तकातले सूत्र प्रमाण मानायचे नाही. नदी कशी वाहते ते प्रतिकृतीत पाहायचे, मोजायचे, मग सांडवा किंवा बंधारा आखायचा. पाण्याकडून कातळाकडे वळताना तिने हीच सवय बरोबर नेली.

वळण आले ते कोयनेमुळे. १०३ मीटर उंचीचे धरण, सह्याद्रीच्या पोटातून जाणारा अधिजल बोगदा, उल्लोळ विहीर, आणि चिपळूण तालुक्यात पोफळीला डोंगराच्या आत कोरलेले विद्युतगृह. एवढे काम स्फोटकांशिवाय होणे शक्य नव्हते. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला आणि जलाशय भरू लागल्यावर त्याच सुमारास धरणाच्या परिसरात गडगडाटासारखे आवाज आणि बारीक धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार तोवर स्थिर मानले जात होते. धक्के सुरुंगाचे असावेत, कातळ ओझ्याखाली बसत असावा, असे तर्क तेव्हा सुचणे स्वाभाविक होते. केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तर्काला उत्तर तर्काने दिले नाही. १९६३ पासून कोयना, गोवळकोट, सातारा आणि महाबळेश्वर इथे भूकंपमापके बसवली गेली. चार जागांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की लहर कुठून निघाली हे काढता येते. शिवाय स्फोटाची खूण वेगळी असते. स्फोट सभोवारच्या कातळाला सगळ्या बाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून त्याची पहिली हालचाल प्रत्येक केंद्रावर दाबाची दिसते. भूकंपात भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, म्हणून काही केंद्रांवर पहिली हालचाल दाबाची तर काहींवर ओढीची येते, आणि मागून येणाऱ्या आडव्या लहरी जास्त जोरकस असतात. सुरुंग कामाच्या वेळेत उडतात, भूकंपाला वेळापत्रक नसते. या नोंदींतून एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि धक्के यांचा संबंध मांडला आणि कोयनेचे नाव करिबा, क्रेमास्ता, शिनफेंगज्यांग या भूकंप जागवणाऱ्या जलाशयांच्या पंक्तीत जाऊन बसले.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आली. चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. त्या दुःखाची मोजदाद कुठल्याच यंत्राला करता येत नाही. पण धरणाच्या आतल्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेला होता आणि तो त्या क्षणी चालू होता, ही गोष्ट जगाच्या धरण-अभियांत्रिकीला वळण देणारी ठरली. धरणाच्या आखणीत भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या पाच टक्के एवढा आडवा जोर धरलेला होता. यंत्राने नोंदवले ते असे : धरणाच्या लांबीच्या दिशेने ६३ टक्के, प्रवाहाच्या दिशेने ४९ टक्के, उभ्या दिशेने ३४ टक्के. म्हणजे गृहीताच्या जवळजवळ दसपट. धरण उभे राहिले, पण माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे मागच्या उताराचा कोन बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. त्या भरल्या गेल्या, पोलादी तारांनी ताण दिला गेला, पुढे मागच्या बाजूने टेकू बांधले गेले. ती नोंद नसती तर काय झाले असते याचा विचार करावा. धरण पडले नाही, तेव्हा पाच टक्क्यांचा अंदाज बरोबरच होता, असे कुणी म्हणाले असते आणि ते खोडायला हाताशी काही नसते. आज जगभर काँक्रीटच्या धरणांचे भूकंप-गणित तपासायचे असले की कोयनेची तीच नोंद वापरतात.

धरण भेगाळले, मात्र पोफळीचे भुयारी विद्युतगृह पुन्हा कामाला लागले. पुढे त्याच डोंगरांत चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॉटचे विद्युतगृहही जमिनीखालीच कोरले गेले. भूकंपाचा अनुभव गाठीशी असलेल्या अभियंत्यांनी पुन्हा भुयाराचीच निवड केली, यामागे कारण आहे. लहर पृष्ठभागावर पोहोचते तेव्हा तिला पुढे जायला कातळ नसतो, ती तिथून परत फिरते आणि जाणारी व परतणारी लहर एकत्र होऊन हालचाल जवळजवळ दुप्पट होते. खोलीवर हा प्रकार नसतो. वर मातीचा किंवा मुरमाचा थर असला तर हादरा आणखी फुगतो. खाली घट्ट बेसाल्टात तो फुगवटा नसतो. शिवाय इमारत जमिनीवर उभ्या काठीसारखी डोलते, तर बोगदा सभोवारच्या कातळाबरोबर हलतो. १९७८ मध्ये डाउडिंग आणि रोझेन यांनी भूकंप सोसलेल्या ७१ बोगद्यांच्या नोंदी तपासल्या. पृष्ठभागावरचा हादरा गुरुत्वत्वरणाच्या १९ टक्क्यांपर्यंत असताना बोगद्यांना इजा झालेली त्यांना आढळली नाही आणि ५० टक्क्यांपर्यंतही ती किरकोळ होती. इथवर ‘खोल ते सुरक्षित’ हे म्हणणे खरे ठरते. इथेच थांबण्याचा मोह मोठा आहे, आणि तो धोक्याचाही आहे.

कारण भूकंपाने दिलेला दिलासा स्फोटाला लागू पडत नाही. हा फरक लहरीच्या लांबीत आहे. भूकंपाची आडवी लहर कातळात सेकंदाला तीन हजार मीटर वेगाने, समजा सेकंदाला पाच वेळा हलत येते. तिची एक लांबी ६०० मीटर होते. वीस मीटर रुंदीचे दालन त्या लांबीपुढे एवढेसे असते. त्याच्या दोन्ही भिंती एकाच वेळी एकाच दिशेने सरकतात आणि दालनाला जवळजवळ काही कळत नाही. जवळच्या सुरुंगाची लहर पाच हजार मीटर वेगाने आणि सेकंदाला दोनशे वेळा हलत आली, तर तिची लांबी पंचवीस मीटर. आता दालनाची रुंदी आणि लहरीची लांबी एका मापाची झाली. एक भिंत पुढे जात असताना समोरची मागे येते. त्याहून वाईट म्हणजे दाबाची लहर दालनाच्या मोकळ्या भिंतीवर आदळून ओढीची लहर होऊन परतते, आणि कातळ दाब जितका सोसतो त्याच्या एका लहान हिश्श्याइतकीच ओढ सोसतो. त्यामुळे स्फोटाच्या बाजूच्या भिंतीची खपली आतल्या बाजूला उडते. लांगेफोर्स आणि शिलस्ट्रोम या स्वीडिश तज्ज्ञांच्या अनुभवात, अस्तर नसलेल्या बोगद्यात कातळकणांचा वेग सेकंदाला ३०० मिलिमीटरच्या आसपास गेला की सैल दगड गळतात आणि ६०० च्या आसपास नव्या भेगा पडतात. म्हणून भुयारी दालन आखताना ते किती खोल आहे हा एकच प्रश्न पुरत नाही. जवळात जवळचा स्फोट किती अंतरावर होणार, एका वेळी किती दारू उडणार, मधला कातळ कोणत्या जातीचा, भिंतीला कातळबोल्ट आणि फवारलेले काँक्रीट आहे का, आतली यंत्रे थेट कातळावर बसवली आहेत की स्प्रिंगांवर, या सगळ्यांची उत्तरे हातात असल्याशिवाय नकाशावर सही करू नये.

या प्रश्नांना धरून भारतीय मानक संस्थेने १९७३ मध्ये आयएस ६९२२ हे मानक काढले. भूमिगत स्फोटांचा परिणाम होणाऱ्या बांधकामांची सुरक्षितता आणि आखणी हाच त्याचा विषय. त्यातले सूत्र सोपे आहे. स्फोटकाच्या किलोग्रॅममधल्या वजनाचा दोन-तृतीयांश घात घ्यायचा, मीटरमधल्या अंतराने भागायचे, आलेल्या संख्येचा सव्वा घात घेऊन कठीण कातळासाठी १४०० ने आणि माती किंवा मऊ कातळासाठी ८८० ने गुणायचे. येतो तो जमिनीच्या कणांचा सेकंदाला मिलिमीटरमधला वेग. कठीण कातळासाठी १०० आणि मऊ जमिनीसाठी ७० ही मर्यादा. आता १०० किलो दारू एकदम उडवली आणि घर २०० मीटरवर असले, तर सूत्राने कठीण कातळात सुमारे ८६ मिलिमीटर येतात. १९७३ च्या मर्यादेत हे बसते. पण खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे खाणमालकाच्या नसलेल्या घराला, हादऱ्याची वारंवारता पाहून, ५, १० किंवा फार तर १५ मिलिमीटर चालतात. एकच स्फोट एका कागदावर सुरक्षित आणि दुसऱ्यावर निदान पाच-सहा पटींनी बेकायदा! यातला कोणता कागद खरा असा वाद घालणे मला निरर्थक वाटते. सूत्रातले १४०० आणि ८८० हे सरासरीचे आकडे आहेत, आणि सरासरीच्या कातळावर कुणी राहत नाही. प्रत्यक्ष मोजमापे घेतली तर पुष्कळ ठिकाणी वेग सूत्रापेक्षा खूपच कमी भरतो आणि एखाद्या ठिकाणी भेगेच्या दिशेने तो अनपेक्षित वाढतो. म्हणून सूत्र हे काम सुरू करण्यापुरते, आणि काम चालवायचे ते मोजमापावर.

केंद्राची पद्धत हीच. मुख्य कामाआधी लहान-लहान चाचणी सुरुंग उडवायचे, वेगवेगळ्या अंतरांवर जमिनीच्या तिन्ही दिशांच्या हालचाली नोंदवायच्या, त्या जागेचा स्वतःचा उतरता आलेख काढायचा आणि त्यावरून ठेकेदाराला कोष्टक द्यायचे : अमुक मीटरवर एका विलंबात अमुक किलोपेक्षा जास्त नाही. ‘एका विलंबात’ हे शब्द महत्त्वाचे. मघाचे १०० किलो दहा-दहा किलोंच्या दहा टप्प्यांत, मधे काही मिलिसेकंदांचा विलंब ठेवून उडवले, तर त्याच सूत्राने २०० मीटरवरचा वेग ८६ वरून १३ मिलिमीटरपेक्षा खाली येतो. दारू तीच, दगड निघतो तेवढाच, आणि हादरा सातव्या हिश्श्यापर्यंत उतरतो. सुरुंगकामातला एवढा मोठा लाभ इतक्या थोड्या खर्चात दुसऱ्या कशाने मिळतो असे मला दिसत नाही. तरीही गावोगावच्या लहान खाणींतून एकदम बार उडवण्याची रीत अजून गेलेली नाही, याचा मनापासून खेद वाटतो.

मोजमाप का हवे याचे दुसरे कारण आपल्या जिल्ह्याच्या जमिनीतच आहे. दख्खनचा कातळ म्हणजे एकसंध ठोकळा नव्हे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, दोन थरांमध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा, कुठे पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ दगड, पश्चिमेच्या पठारांवर जांभा आणि बॉक्साइट, पंचगंगेच्या काठाला खोल काळी माती. हादऱ्याने जमिनीला येणारा ताण कणांच्या वेगाला लहरीच्या वेगाने भागले की अंदाजे मिळतो. सेकंदाला १०० मिलिमीटरचा हादरा घट्ट बेसाल्टात, जिथे लहर पाच हजार मीटरने धावते, दहा लाखांत वीस भाग एवढाच ताण देतो. तोच हादरा काळ्या मातीत, जिथे आडवी लहर अडीचशे मीटरने रांगते, दहा लाखांत चारशे भाग ताण देतो. साधे काँक्रीट ओढीत साधारण शंभर भागांना तडकते. म्हणजे एकाच आकड्याचा हादरा कातळात पुरलेल्या अस्तराच्या केसालाही धक्का लावणार नाही आणि मातीत पुरलेल्या काँक्रीटच्या नळाचा सांधा उघडू शकेल. काळम्मावाडीहून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनसारखे पन्नासाहून अधिक किलोमीटरचे पुरलेले काम कातळ, मुरूम आणि माती अशा सगळ्या जमिनींतून जाते. अशा नळाला खरी भीती जमीन बदलते तिथे असते. एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला माती असली की दोन्हींची हालचाल वेगळी होते आणि फरक सगळा नळाच्या सांध्यावर येतो. पोलादी नळ वाकून घेतो, कडक सांधा घेत नाही. लवचीक सांधा कुठे द्यायचा हे ठरवायला हादऱ्याची नोंद आणि जमिनीची नोंद अशा दोन्ही वह्या उघड्या लागतात.

स्फोट आणि पुरलेले बांधकाम यांची सर्वांत अवघड भेट कोयनेतच घडली. १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली ‘लेक टॅपिंग’ झाले आणि २५ एप्रिल २०१२ रोजी दुसऱ्यांदा झाले. जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालून बोगदा आणायचा, शेवटी कातळाचे एक बूच शिल्लक ठेवायचे आणि ते एका स्फोटात उडवून तळ्याला बोगद्यात वाट द्यायची. नॉर्वेत असे शेकडो प्रयोग झाले आहेत, आपल्याकडे तो १९९९ मध्ये पहिल्यांदा झाला. बूच उडते तेव्हा दरवाज्यांची विहीर आणि नवे काँक्रीट तिथून फार दूर नसते. एका बाजूने कातळातून हादरा येतो, दुसऱ्या बाजूने पाण्यातून दाबाची लहर, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे ती लहर हवेतल्या धक्क्यापेक्षा कितीतरी कठोर असते. म्हणून या पद्धतीत बुचाखाली हवेचा कोंडलेला कप्पा ठेवतात. तो उशीसारखा दाब पोटात घेतो. फुटलेला दगड पडायला खाली खड्डा ठेवतात. बुचातली भोके विलंबाने उडतात. कमी दारू घेतली तर बूच अर्धवट राहील आणि पाण्याखाली दुसरी संधी नाही, जास्त घेतली तर दरवाजे धोक्यात. दोन्हीकडून कडा असलेल्या अशा वाटेवर अंदाजाने चालता येत नाही. ज्या डोंगरात १९६३ पासून हादरे मोजले गेले, त्याच डोंगरात हा स्फोट करण्याचे धैर्य अभियंत्यांना मिळाले, हा मी योगायोग मानत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की भूकंपप्रवण भागात स्फोट करणे म्हणजे भूकंपाला आवतण देणे. कोयना-वारणा खोऱ्यातल्या माणसाने ही भीती बोलून दाखवली तर तिची चेष्टा करू नये. ती सोसण्यातून आलेली आहे. पण आकडे पाहावेत. ६.३ तीव्रतेच्या भूकंपात लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती चाळीस हजार टनांहून अधिक टीएनटीएवढी होते. शंभर किलोंच्या सुरुंगाच्या ती चार लाख पटींहून अधिक, आणि सुरुंगाची बहुतेक शक्ती दगड फोडण्यात आणि तापवण्यात संपते, लहरींत थोडीच उतरते. आक्षेप घेणारा म्हणेल की ठिणगीही लहानच असते. ते मान्य. पण कोयनेचे धक्के पाण्याच्या चढउताराबरोबर कमीजास्त होतात, काही किलोमीटर खोलवर होतात, आणि १९८५ नंतर वारणेत पाणी साठू लागल्यावर त्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. १९९३ मध्ये वारणेच्या बाजूला पाचच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. सुरुंगकाम कारण असते तर धक्क्यांनी ठेकेदाराचे वेळापत्रक पाळले असते. ते पाळतात जलाशयाचे.

दुसरा आक्षेप घराच्या उंबऱ्यावरचा आहे : भांडी खणखणतात, भिंतीला चीर पडते, आणि साहेब सांगतात की हादरा मर्यादेत आहे. यात दोन गोष्टी मिसळतात. माणसाच्या शरीराला सेकंदाला ०.३ मिलिमीटरचा हादराही जाणवतो आणि एक मिलिमीटरला तो तक्रार करतो, तर बांधकामाला इजा व्हायला त्याच्या कितीतरी पट लागते. भांडी आणि तावदाने तर पुष्कळदा जमिनीने नव्हे, हवेतून आलेल्या धक्क्याने वाजतात. त्यामुळे जाणवणे म्हणजे नुकसान नव्हे, हे शास्त्र म्हणून बरोबर. पण रहिवाशाच्या तोंडावर फेकायचे उत्तर म्हणून ते अपुरे आहे. मातीच्या बांधणीच्या, आधीच खचलेल्या घराला मर्यादा कोणती? जुन्या वास्तूंसाठी १९९७ च्या परिपत्रकाने कमी वारंवारतेला अवघी २ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. अंबाबाईच्या देवळासारख्या दगडावर दगड रचलेल्या वास्तूला, पन्हाळ्याच्या तटाला हीच सावधगिरी हवी. तीच काळजी गरिबाच्या मातीच्या भिंतीला का मिळू नये, हा प्रश्न मला न्याय्य वाटतो. त्याचे उत्तर त्या भिंतीपाशी यंत्र ठेवूनच देता येईल.

देशाच्या पातळीवरही हा हिशेब चुकवता येत नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला भूमिगत अणुचाचण्या झाल्या तेव्हा सुमारे पाच किलोमीटरवर खेतोलाई हे गाव होते. गावातल्या घरांना इजा होऊ नये म्हणून स्फोटाची शक्ती मर्यादित ठेवली, असे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले. देशाच्या सर्वांत मोठ्या स्फोटाच्या आखणीत एका खेड्याच्या भिंतींचा आकडा होता. मग खडीच्या खाणीच्या आखणीत शेजारच्या वस्तीच्या भिंतींचा आकडा असावा, ही मागणी अवाजवी नाही.

तिसरा आक्षेप थेट संस्थेवर आहे : सरकारी प्रयोगशाळा सरकारी प्रकल्पाला नाही कशी म्हणेल? याला माझे उत्तर कोयनेच्या नोंदीचे आहे. पाच टक्के धरले आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास आले, हे सांगणारा कागद प्रकल्पाला सोयीचा नव्हता. तरीही तो जगापुढे गेला, त्यावर परदेशी विद्यापीठांत अभ्यास झाले, १९७० मध्ये भूकंपाचे भारतीय मानक सुधारले तेव्हा कोयनेचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला. संस्थेची विश्वासार्हता तिच्या मालकावरून ठरत नाही, गैरसोयीची नोंद तिने काय केली यावरून ठरते. पण आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. सुरुंगाच्या हादऱ्यांचे अहवाल प्रायः ज्या प्रकल्पाने अभ्यास मागवला त्याच्याकडे जातात. ज्याच्या घरासमोर यंत्र ठेवले, त्याला तो आकडा कळत नाही. भूकंपाच्या नोंदी जशा सर्वांसाठी खुल्या झाल्या, तशा या नोंदीही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागल्या पाहिजेत : तारीख, वेळ, एका विलंबातली दारू, अंतर आणि मिलिमीटर. एवढ्या पाच रकान्यांनी खाणमालक आणि गाव यांच्यातले निम्मे भांडण मिटेल असे मला वाटते, आणि उरलेले निम्मे निदान आकड्यांवर होईल.

२०१६ मध्ये संस्थेला शंभर वर्षे झाली. आज तिथे अभियांत्रिकी भूकंपशास्त्र आणि कंपनतंत्र हे पाण्याच्या शाखांच्या बरोबरीने चालणारे विभाग आहेत. धरणाच्या पायाजवळ नवे विद्युतगृह खणायचे असो की ताज्या काँक्रीटशेजारी कातळ फोडायचा असो, किती मीटरवर किती किलो, या कोष्टकासाठी प्रकल्प त्यांच्याकडे जातात. ताजे काँक्रीट हा त्यातला नाजूक विषय. ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते मऊ असते तेव्हा हादरा फारसा बाधत नाही, पुढे धरू लागते तेव्हा सर्वांत जास्त बाधतो, आणि पुरेसे पक्के झाल्यावर पुन्हा सोसू लागते. म्हणून तिथल्या कोष्टकात अंतर आणि दारू यांच्या जोडीला तिसरा रकाना असतो, काँक्रीटच्या वयाचा. सुरुंगाची वेळ मिस्त्रीला विचारून ठरते.